बांधाची माती

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर ओसरला तेव्हा कोल्हापुरातल्या शाहूपुरी कुंभार गल्लीतल्या आमच्या घरात घोट्याच्या वर गाळ साचला होता. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. त्या साली पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. चार दिवस आम्ही पत्र्याच्या तुकड्यांनी गाळ ओढत होतो. पिवळसर तांबडा, बोटांना चिकटणारा, तुळतुळीत गाळ. रस्ता मोकळा झाला तशी मी गावाकडे गेले. पन्हाळ्याच्या पलीकडे, कासारीच्या खोऱ्यात आमचं गाव. घराच्या मागून माळाकडे चढत जाणारं आमचं रान, आणि त्या रानात वरून खालपर्यंत नवी घळ पडलेली. कमरेएवढी खोल. खाली ओढ्याचं पाणी अजून गढूळ होतं आणि त्याचा रंग मी चार दिवस घरात बघत होते तोच होता.

घरातला गाळ आमच्याच रानातला होता असं मी म्हणणार नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, सगळ्या नद्यांच्या काठची माती त्यात होती. पण बादल्या भरभरून मी जे गटारीत टाकत होते ते कुणाचं तरी रान होतं, हे त्या घळीच्या काठावर उभं राहिल्यावर पहिल्यांदा कळलं. वडील जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. सातबाऱ्यावर त्यांच्या जागी माझं नाव लागलं होतं आणि मी त्या रानात वर्षातून एकदा, तेही आंबे उतरायला जायची.

रान सगळं मिळून साधारण ९ एकर, खातेदार ११. पणजोबांची एकच जमीन, वाटण्या होत होत तिच्या पाच पट्ट्या झाल्या. वाटणी करताना आमच्याकडे एक न्याय पाळतात: वरचं मुरमाड आणि खालचं कसदार, दोन्ही प्रत्येकाच्या वाट्याला आलं पाहिजे. भावाभावांत तो न्याय बरोबरच आहे. पण त्यामुळे प्रत्येक पट्टी उतारावरून उभी खाली येते, रुंदीला चाळीस-पन्नास पावलं आणि लांबीला थेट ओढ्यापर्यंत. एवढ्या अरुंद पट्टीत औत किंवा ट्रॅक्टर आडवा फिरवणं परवडत नाही, मग नांगरट उभीच होते. नांगराचा प्रत्येक तास म्हणजे पाण्याला खाली पळायला आपण काढून दिलेली वाट. पन्नास-साठ वर्षं आम्ही ती वाट काढून देत होतो.

पाच पट्ट्यांमध्ये चार बांध. त्यातल्या तिसऱ्या बांधावरून थोरले आबा आणि नाना, माझे दोघे चुलते, बारा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण सगळ्या गावांत असतं तेच. नांगरताना शेवटचा तास बांधाला लावून घ्यायचा आणि दर साली बोटभर बांध कोरायचा. दोन्ही अंगांनी कोरून तो बांध वीतभर उरला होता.

त्या दिवाळीच्या पाडव्याला सगळी भावकी गावी जमली. मी शाळेत विज्ञान शिकवते. मुलांना दाखवते तो एक साधा प्रयोग मी घरच्या सोप्यात केला. काचेचे दोन पेले पाण्यानं भरले. एकात नांगरटीच्या रानातलं वाळलेलं ढेकूळ चहाच्या गाळणीत धरून सोडलं. दुसऱ्यात पहिल्या बांधावरचं ढेकूळ. हा बांध दोन माणसं शेजारी बसतील एवढा रुंद राहिलाय, वर बारमाही गवत. रानातलं ढेकूळ मिनिटभरात ढासळलं आणि पाणी चहासारखं झालं. बांधावरचं ढेकूळ जेवणं होईतोवर तसंच होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कानं बघितलं तेव्हाही तसंच होतं. आक्का म्हणजे माझी थोरली आत्या. नवरा गेल्यावर माहेरी परतली आणि आपल्या वाट्याचं रान स्वतः कसते. ती पेला हातात घेऊन म्हणाली, "दोन मातींत अंतर पाच पावलांचं. डोंगर त्योच, पाऊस त्योच. मग ह्यात काय हाय जे त्यात न्हाई?"

त्याचं उत्तर मुळांत आहे. बांधावर वर्षभर जिवंत मुळं असतात. मुळांतून पाझरणारा चिकट रस आणि मातीतल्या बुरशीचे तंतू बारीक कणांना धरून ठेवतात. त्या कणांच्या फटींतून पाणी आत उतरतं, हवा खेळते, गांडुळं राहतात. नांगर हे धागे दर वर्षी तोडतो. उलथलेल्या मातीतला सेंद्रिय कर्ब उघडा पडतो, सूक्ष्मजीव तो झपाट्यानं खाऊन टाकतात आणि तो वायू होऊन हवेत जातो. मी हे सांगत असताना नाना कोपऱ्यात बसून होते. ते एकच वाक्य बोलले, आबांकडे न बघता: "म्हंजे आपण जल्मभर चांगली माती कोरून वाईट रानात घालत आलो."

आमचं सगळं काम त्या वाक्यातून निघालं. सगळं रान बांधासारखं करायचं.

वाट दाखवणारी माणसं लांब नव्हती. कोल्हापूरचेच प्रतापराव चिपळूणकर वर्षानुवर्षं विनानांगरणीची शेती करून दाखवत आलेत. मागच्या पिकाची मुळं उपटायची नाहीत, जागेवरच कुजू द्यायची, हा त्यांचा आग्रह. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी गादीवाफ्यावर भात टोकायची पद्धत बसवली. तिच्यात चिखलगुट्टा नाही, तरवा म्हणजे रोपवाटिका नाही, रोप लावण नाही. वाफे एकदा केले की मोडायचे नाहीत, त्यावरच पुढचं पीक घ्यायचं. पण या दोन्ही गोष्टी एकट्याच्या रानात करता येतात. आमची अडचण उताराची होती. उतारावर पाणी अडवायचं तर रेघ आडवी मारावी लागते, आणि आमच्या रानात कुठलीही आडवी रेघ मारली तरी ती पाच पट्ट्या आणि चार बांध ओलांडूनच जाणार होती. एकानं नको म्हटलं तर उरलेल्या दहांची मेहनत त्याच्या पट्टीतून खाली वाहून गेली असती.

जमीन एकत्र करायची म्हटलं की आमच्याकडे पहिली आठवण कूळकायद्याची होते. १९४८ चा कायदा, १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, आणि कसणाऱ्याच्या नावावर झालेल्या जमिनी. या रानातली निम्मी जमीन पणजोबांना अशीच मिळाली होती, त्यामुळे त्या कायद्याचं बळ घरात सगळ्यांना ठाऊक. आपल्या रानात दुसऱ्यानं चार वर्षं कसलं तर पुढं काय, ही धास्ती कुणी उघड बोलत नव्हतं, पण बैठक मात्र दर वेळी तिथंच येऊन थांबायची. शेवटी ठरलं ते असं. जमीन ज्याची त्याच्या नावावर, सातबाऱ्यावर पिकाची नोंद ज्यानं त्यानं आपल्या पट्टीची करून घ्यायची, सरकारी मदत आली तर ज्याची त्याला. सगळ्यांना विचारल्याशिवाय कुणी नांगर घालायचा नाही, काडी लावायची नाही, जनावर मोकळं सोडायचं नाही. सुगीनंतर ज्याला बाहेर पडायचंय त्यानं पडावं. उत्पन्नातून आधी खर्च वजा करायचा. उरेल त्याचे तीन भाग: एक भाग गुंठ्यांप्रमाणे, दोन भाग कामाच्या दिवसांप्रमाणे.

कामाचा दिवस कसा मोजायचा, यावर सगळ्यात जास्त भांडण झालं. गावात बाईची मजुरी बाप्यापेक्षा कमी, ही रीत. त्यामुळे बाप्याचा दिवस एक धरायचा आणि बाईचा पाऊण, असं दोघा-तिघांनी गृहीतच धरलं होतं. आक्का बोलायला उठली. तिनं ना हक्काची भाषा केली ना कायद्याची. तिनं पैऱ्याचा दाखला दिला. पैरा आमच्याकडे जुनाच: आज सगळे तुमच्या रानात, उद्या सगळे आमच्या. "पैऱ्याला मी तुज्या रानात एक दिस आले, तर तुजी बायको माज्या रानात एकच दिस येती. पाऊण दिस करून दुपारी घरी जाती का? मग आता वहीत लिवायची येळ आली की बाईचा दिस बारका कसा झाला?" त्यावर कुणालाच काही बोलता आलं नाही. वहीत दिवस म्हणजे दिवस असं लिहिलं गेलं. एक घर त्या रात्री बाहेर पडलं. तिसऱ्या वर्षी ते परत आलं, पण पहिली दोन वर्षं त्यांची पट्टी आम्ही फक्त चरांपुरती मागून घेतली, आणि तेवढी त्यांनी दिली. ही वही पहिल्या दिवसापासून माझ्याकडे आहे. सामुदायिक शेताबद्दल कुणी विचारलं तर मी आधी वही दाखवते, मग रान.

२०२० च्या जानेवारीत रेघा आखल्या. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. तीन कळकाच्या काठ्या इंग्रजी ए अक्षरासारख्या बांधायच्या, शेंड्याला दोरी लावून दोरीला दगड. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून दोरी आडव्या काठीवर कुठं लागते तिथं खूण करायची, मग पाय अदलाबदल करून दुसरी खूण. दोन खुणांच्या बरोबर मध्ये दोरी आली की दोन्ही पाय एका पातळीत. पाऊल टाकत जायचं आणि मागं फक्की टाकत यायचं. पहिली रेघ तिसऱ्या बांधाशी आली तेव्हा मी थांबले. एका अंगाला आबा, दुसऱ्या अंगाला नाना. दगड दोरीला हलत होता. आबांनी हात पुढं केला आणि फ्रेमचा एक पाय उचलून नानांच्या रानात ठेवला. बोलले दोघंही नाहीत. पण पुढच्या सहा रेघा त्या दोघांनीच आखल्या.

खोदाई फेब्रुवारीत सुरू केली. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि पुण्यात नोकरी करणारे चार चुलतभाऊ गावी अडकले. शेतीकामाला बंदी नव्हती. दोन फूट रुंद, एक फूट खोल चर, सात ओळींत मिळून साधारण १२०० मीटर. वहीत १४० दिवस लागलेत. जांभ्याच्या पट्ट्यात कुदळीचा आवाज लोखंडावर मारल्यासारखा यायचा. निघालेली माती चराच्या खालच्या अंगाला, तिच्यावर वाळ्याचे ठोंब, दर पाच पावलांवर गिरीपुष्पाची काडी, मध्ये मध्ये तूर आणि शेवगा.

आणि त्याच पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, तिसरा चर फुटला. रात्रभर कोसळत होतं. पहाटे बॅटरी घेऊन गेलो तर चौथ्या पट्टीत माती पंधरा-वीस फूट सरकलेली आणि टोकलेली नाचणी गाडली गेलेली. खेकड्यानं भराव पोखरला होता, पण खरी चूक माझी होती. रेघ अगदी समपातळीत हवी हा हट्ट मी धरला होता आणि जादाचं पाणी कुठून जाईल याचा विचारच केला नव्हता. कृषी सहायकांनी येऊन बघितलं आणि समजावलं: समपातळी बांध कमी पावसाच्या मुलखाला ठीक, आपल्या या पट्ट्यात ढाळीचे बांध लागतात. म्हणजे रेघेला ओढ्याकडे अगदी थोडा उतार द्यायचा, शेवटाला दगडी सांडवा, सांडव्याखाली गवत. हे मी आधी विचारायला हवं होतं.

त्या फुटलेल्या चरानं मला गणित करायला बसवलं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका गुंठ्यावर सुमारे १०० लिटर पाणी, एका एकरावर ४ हजार, आमच्या ९ एकरांवर ३६ हजार. सगळे चर काठोकाठ भरले तर त्यांत मावतं सव्वादोन लाख लिटरच्या आत. म्हणजे जेमतेम सहा मिलिमीटर पाणी वाहून आलं की १४० दिवसांची खोदाई भरली. आमच्याकडे आषाढात सहा मिलिमीटर पाऊस चहा होईतोवर पडतो. बाकीचं पाणी जिरवायचं असेल तर ते रानानंच जिरवलं पाहिजे. चर पाण्याला फक्त थांबायला लावतात. पिण्याचं काम मातीचं.

माती पाणी किती पिते हे मोजायला सहा इंची पाइपचा वीतभर तुकडा पुरतो. तो मातीत अर्धा ठोकायचा, ४५० मिलिलिटर पाणी ओतायचं, म्हणजे आत साधारण एक इंच उभं राहतं, आणि घड्याळ लावायचं. २०२० च्या हिवाळ्यात नांगरटीच्या पट्टीत ते पाणी मुरायला अर्धा तास लागला. पहिल्या बांधावर दोन मिनिटं. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के आला, म्हणजे कमी. नमुना कसा घेतला तेही वहीत लिहून ठेवलंय: नागमोडी चालत, इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खड्डा, काठावरची माती, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत शेवटी अर्धा किलो. दर वेळी त्याच महिन्यात, त्याच जागांवरून. नाहीतर दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवून काही उपयोग नाही.

नांगर बंद केला आणि तण आलं. हे सगळ्यांनी सांगितलं होतं, पण ऐकणं वेगळं आणि बघणं वेगळं. २०२१ च्या पावसाळ्यात हराळी, लव्हाळा, केना यांनी भाताचे वाफे झाकून टाकले. विनानांगरणीच्या शेतीत तणनाशकाचा आधार बरेच जण घेतात. आमच्या गटात मी आणि पुण्याचे दोघे भाऊ तणनाशक नकोच या मताचे होतो. बायका दोन आठवडे भांगलत राहिल्या. मग एका दुपारी नानांच्या सुनेनं खुरपं खाली ठेवलं आणि मला म्हणाली, "ताई, औषध नको हे तुमी ठरवलं. पण वाकतोय आमी." तिच्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या. मी रविवारी यायचे, चार तास भांगलायचे आणि सोमवारी शाळेत उभी असायचे.

नवं काही करायला निघालेल्या प्रत्येक शेतात हा प्रश्न आधी विचारला पाहिजे असं मला मनापासून वाटतं: तत्त्व कुणाचं आणि कंबर कुणाची? त्या संध्याकाळी बैठकीत ठरलं की भांगलणीबद्दलचा निर्णय भांगलणाऱ्या घेतील. त्यांनी निम्म्या वाफ्यांवर पेरणीआधी एकदा फवारायचं ठरवलं, उरलेल्या निम्म्यावर आच्छादन करून बघायचं ठरवलं. पुढच्या साली फवारणी एका एकरावर आली, त्याच्या पुढच्या साली त्यांनीच थांबवली. कारण तोवर आच्छादन बसलं होतं.

आच्छादनाला काय घालायचं, हाही सोपा प्रश्न नाही. भाताचा पिंजर रानात टाकावा असं वाचायला बरं वाटतं, पण आमच्याकडे पिंजर म्हणजे म्हशीची वैरण. तो रानाला दिला तर दूध कमी. मग नदीकाठच्या ऊसवाल्यांकडे गेलो. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं आणि बहुतेक जण तोड झाली की पेटवून देतात. त्यातला नत्र आणि कर्ब धुरात जातो. आम्ही म्हणालो, पेटवू नका, आम्ही उचलतो. पहिल्या साली ते हसले. तीन ट्रॉल्या आणल्या. तिसऱ्या साली एकानं द्यायला नकार दिला, कारण त्यानं स्वतःच खोडव्यात पाचट ठेवायला सुरुवात केली होती. त्या दिवशी मला ट्रॉली रिकामी परत आल्याचा फार आनंद झाला. उरलेलं आच्छादन रानातच पिकवलं: ताग फुलावर आला की आडवा पाडायचा, गिरीपुष्प छाटायचं, भातामागं ओलीवर हरभरा, माळाच्या अंगाला चवळी.

२०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर आला. कुंभार गल्लीत पुन्हा पाणी. मी माळ्यावर सामान चढवत होते आणि जीव रानात अडकला होता. सांडवे टिकले. दोन ठिकाणी भराव खचला, पण माती पुढच्या चरात थांबली. घळीत आम्ही दर दहा पावलांना दगड रचले होते, त्यांच्या मागं गुडघाभर माती भरून आली. आज तिथं वरण्याचा वेल चढतो.

२०२२ च्या फेब्रुवारीत माळावरून वणवा आला. गवत जाळलं की नवं चांगलं फुटतं ही समजूत आमच्या डोंगरात खोल रुजलीय. दीड एकराचं आच्छादन आणि वरच्या दोन ओळींतली गिरीपुष्पं गेली. तेव्हापासून दर पौषात माळाच्या कडेला दहा फुटांची जाळरेषा काढतो आणि वहीत ते काम सगळ्यांच्या नावावर लागतं. गवे येतात. त्यांच्यावर आम्हाला अजून उपाय सापडलेला नाही.

खताचा प्रश्न धनगरांनी सोडवला. सुगी झाली की रानात बकरी बसवायची ही जुनी रीत आमच्या पट्ट्यांत बंद पडली होती, कारण वीस गुंठ्यांत कळप बसवून परवडत नाही. नऊ एकर एक झाल्यावर कळप तीन रात्री थांबायला तयार झाला. रात्री जाळी रोज सरकवायची, मोबदला धान्यात. आक्कानं पहिल्या साली त्यांना भात मोजून दिला तेव्हा म्हणाली की हे माप तिनं वडिलांच्या हातात शेवटचं बघितलं होतं.

पहिली दोन वर्षं भाताचा उतारा घटला. हे लपवण्यात अर्थ नाही. चिखल करून लावलेल्या शेजारच्या इंद्रायणीपुढं आमची विरळ दिसायची. त्या वर्षांत तग धरली ती नाचणी, भुईमूग, तूर अशा मिश्र पिकांवर, आणि कुंभार गल्लीतल्या सात घरांवर. ही घरं जूनमध्ये वर्षाचे काही पैसे आगाऊ देतात. पिकेल ते दर रविवारी त्यांच्याकडे जातं, पीक कमी आलं तर कमी. पूर त्यांनीही बघितलाय, त्यामुळे डोंगरावरच्या मातीशी आपला काय संबंध हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. चौथ्या साली भात शेजाऱ्याच्या जवळ आला, खर्च त्याच्या निम्म्यानं.

सेंद्रिय कर्ब २०२४ मध्ये ०.४६ आला. चार वर्षांत एवढाच. मी खट्टू झाले होते, पण कर्ब असाच मुंगीच्या पावलानं वाढतो. पाइपच्या तुकड्यातलं पाणी मात्र आता आठ मिनिटांत मुरतं.

२०२५ च्या मे महिन्यात वळवानं थांबायचं नावच घेतलं नाही. त्याच्यामागोमाग, महिना संपायच्या आत, मोसमी पाऊस महाराष्ट्रात दाखल झाला. रोहिणीच्या धूळवाफ पेरण्या, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत करायच्या त्या, राहून गेल्या. आजूबाजूच्या रानांत वाफसा येईना, ट्रॅक्टर घालता येईना, लोक बांधावर उभे राहून आभाळाकडे बघत होते. आमचे वाफे उंच होते, पाणी मुरत होतं, आणि ट्रॅक्टर घालायचाच नव्हता. एक उघडीप मिळाली तशा बारा जणी ओळीनं बसल्या आणि दोन दिवसांत भात टोकून झाला. त्या दोन दिवसांत रस्त्यानं जाणारी माणसं गाडी थांबवून खाली उतरत होती.

त्याच्या तीन-चार आठवडे आधीची एक गोष्ट सांगायची राहिली. दर अक्षय तृतीयेला आम्ही चरांतला गाळ काढतो. पहिल्या साली गाळ कुणाचा, यावर वाद झाला होता, कारण चर नानांच्या पट्टीत आणि माती आबांच्या पट्टीतून आलेली. मग ठरलं की चरातला गाळ त्याच्याच वरच्या अंगाला, सगळ्या पट्ट्यांत सारखा पसरायचा. वाहून आलेली माती डोक्यावर घेऊन पुन्हा वर चढायची. पहिल्या साली सगळी मिळून तीन दिवस चढत होतो. वहीत ६०० च्या वर बुट्ट्या आहेत.

२०२५ साली सकाळी सातला सुरुवात केली. खालच्या दोन चरांत तळाला पालापाचोळा आणि त्याच्याखाली चार बोटं काळसर माती, बस्स. अकराच्या आत सातही चर झाले. आक्कानं मोजून सांगितलं, ७२ बुट्ट्या. भाकरी अजून घरून यायची होती. माणसं आंब्याखाली बसली, बुट्ट्या पालथ्या घातल्या, आणि पुढं काय करायचं हे कुणालाच सुचेना, कारण हा दिवस मावळेपर्यंत चालणार असं सगळे धरून आले होते.

पाचव्या पट्टीच्या पलीकडचं रान भावकीबाहेरच्यांचं. ते दोघे भाऊ त्यांच्या बांधावर उभे राहून सकाळपासून आमच्याकडे बघत होते. आबा उठले, गोठ्याच्या भिंतीला टेकवलेली कळकाची फ्रेम त्यांनी खांद्यावर घेतली. नानांनी फक्कीचा डबा उचलला. दोघं तिकडे निघाले. तिथला बांध वीतभर रुंद आहे.